फांदी कापणे सोपे, उतरवणे अवघड : झाडांवर चढून छाटणी करणाऱ्यांचे काम आणि अवजारे (ठाणे–नवी मुंबई)

खोडकर (धागाकर्ता)

नमस्कार. एप्रिल-मे महिन्यांत ठाण्यात आणि नवी मुंबईत जिकडेतिकडे पावसाळ्यापूर्वीची छाटणी चालू असते आणि त्या निमित्ताने इथे दरवर्षी एक वाद हमखास रंगतो, तो म्हणजे झाडे छाटावीत की छाटू नयेत. तो वाद या धाग्यावर नको. दोराने झाडावर चढून छाटणी करणे, धोकादायक झाडे टप्प्याटप्प्याने उतरवणे आणि वाऱ्यापावसात पडलेली झाडे मोकळी करणे हा माझा आणि माझ्या लहानशा टोळीचा धंदा आहे. हे काम नेमके कसे चालते आणि त्याला कोणती साधने लागतात, याबद्दल मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून हा प्रपंच.

कापणे हा आमच्या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे. मनगटाएवढी फांदी धारदार हातकरवतीने बघता बघता सुटते. ती कोठे आणि किती वेगाने खाली जाणार हे ठरवण्यात बाकीचा सगळा वेळ जातो. ओल्या लाकडाचे वजन नुसते पाहून कळत नाही. रसाने भरलेले लाकूड घनमीटरला साधारण 900 ते 1000 किलोच्या घरात असते, म्हणजे 30 सेंटिमीटर व्यासाच्या फांदीचा एक मीटर लांबीचा तुकडा 65 ते 70 किलोचा झाला. व्यास 45 सेंटिमीटर असेल तर तेवढ्याच लांबीचा तुकडा दीडशे किलोच्या आसपास जातो. जाडी दीडपट झाली की वजन सव्वादोनपट होते, हे ज्याच्या लक्षात राहत नाही त्याने वरून तुकडे सोडू नयेत. त्यातही असा तुकडा मीटरभर मोकळा पडून मग दोरावर थांबला, तर दोराला आणि ज्या फांदीवर कप्पी बांधली आहे तिला बसणारा झटका त्या वजनाच्या कितीतरी पट असतो.

सकाळी अवजारे टेम्पोतून काढण्यापूर्वी झाडाभोवती फेरी होते. बुंध्याशी कवकाची छत्री उगवली आहे का, एका बाजूची माती उचललेली आहे का, दोन जाड फांद्या अरुंद बेचक्यात एकमेकींना चिकटून वाढल्यामुळे मध्ये साल दबली आहे का, हे पाहायचे असते. मग लाकडी हातोडीने खोड ठोकत जायचे. भरीव खोड आणि पोकळ खोड यांचा आवाज वेगळा येतो आणि तो कानाला सवयीने कळतो. वर आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी झाडाला कोणी हात लावत नाही, मग सोसायटीने कितीही तगादा लावला तरी. तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी असतील तर काम होते, पण चढणाऱ्याचे हाल होतात.

चढण्याची सुरुवात थ्रो लाइनने होते. दोनअडीच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत दोरी आणि तिच्या टोकाला छर्रे भरलेली पाव किलोच्या आसपास वजनाची पिशवी. ती जमिनीवरून फेकून वरच्या पक्क्या बेचक्यातून पार करायची आणि तिच्या मागोमाग चढण्याचा दोर ओढून घ्यायचा. हा दोर 11 ते 13 मिलिमीटर जाडीचा, पॉलिएस्टरच्या आवरणाचा आणि कमी ताणला जाणारा असतो. तो थेट सालीवर घासला तर झाडालाही जखम होते आणि दोरही झिजतो, म्हणून मध्ये दोन कड्यांचा पट्टा घालतात. कमरेला बसून काम करता येईल असे हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), त्याला प्रुसिक किंवा ब्लेक्स हिच या दोरावर सरकणाऱ्या आणि भार येताच आवळणाऱ्या गाठीने अथवा यांत्रिक पकडीने जोडलेला दोर, आपोआप कुलूप बसणारे कॅराबिनर (जोडकडी) आणि खोडाभोवती फिरवायचा आखूड पट्टा, एवढ्यावर माणूस फांदीच्या टोकापर्यंत चालत जातो. चेन सॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, चालवताना हा आखूड पट्टा आणि मुख्य दोर असे दोन वेगवेगळे आधार असलेच पाहिजेत. पट्ट्याच्या पोटात पोलादी तार असलेली चांगली, कारण ताणलेल्या दोराला फिरत्या साखळीचा नुसता स्पर्श पुरतो.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पिवळा किंवा निळा प्लॅस्टिकचा दोर मात्र आमच्याकडे कशालाच चालत नाही. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो, उन्हात त्याचे तंतू ठिसूळ होतात आणि घर्षणाने तो लवकर वितळतो. नायलॉन मजबूत असले तरी बरेच ताणले जाते आणि भिजल्यावर त्याची ताकद काहीशी घटते. फांद्या उतरवण्याचा दोर वेगळा, जाड आणि केवळ त्याच कामाचा ठेवावा. कप्पी, पट्टे आणि बुंध्याला बांधायचे लोखंडी नळकांडे, ज्यावर दोराचे वेढे घेऊन खालचा माणूस एका हाताने जड फांदी सावकाश सोडू शकतो, हा त्या दोराचा संसार.

चेन सॉबद्दल लिहायचे तर स्वतंत्र धागा होईल. झाडावर वापरायचे मशीन वरच्या मुठीचे आणि हलके असते, जमिनीवरचे मागच्या मुठीचे. वरच्या मुठीचे मशीन एका हाताने धरता येते आणि नेमका तिथेच घात होतो. ते दोन्ही हातांनीच चालवायचे असते. पात्याच्या नाकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येते; पुढची दांडी म्हणजे साखळीचा ब्रेक, तो त्यासाठी आहे. इंधन म्हणजे एका लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल, बहुतेक मशीनांना हेच प्रमाण चालते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे आपल्या दमट हवेत मशीनमध्ये इंधन आठवडेच्या आठवडे ठेवू नये.

आणि धार. काम चालू असताना साखळीखाली काय पडते ते पाहावे. चौकोनी ढलप्या पडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडत असेल तर काम थांबवून कानस घ्यावी. झाडावरच्या लहान मशीनच्या साखळीला बहुतेक वेळा 4 मिलिमीटरची गोल कानस लागते, जमिनीवरच्या मोठ्यांना 4.8 किंवा 5.2 मिलिमीटरची. प्रत्येक दाताला सारखेच हात मारावेत, एरवी कापणी एका बाजूला वळू लागते. बोथट साखळीवर माणूस जोर लावतो आणि जोर लावलेल्या माणसाचा तोल, लाकूड सुटल्याक्षणी, जातो.

नेरूळकर

उत्तम माहिती. मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. आवारात सिडकोच्या काळातली झाडे आहेत, त्यांत तीन मोठे पर्जन्यवृक्ष आणि बरेच सोनमोहर. यंदा दोन दरपत्रके आली. एक माणूस भरलेल्या टेम्पोमागे दर लावतो आणि दुसरा झाडामागे. दुसऱ्याचा आकडा बराच मोठा आहे, शिवाय तो कापणार कमी म्हणतो. समितीतले ज्येष्ठ सभासद विचारतात की पैसे जास्त द्यायचे आणि फांद्या कमी कापून घ्यायच्या, हा कोठला न्याय? त्यांचे म्हणणे असे की वरून सरळ अर्धे झाड उतरवले की पाच वर्षे बघायला नको.

खोडकर

साहेब, टेम्पोमागे दर ठरला की जितके जास्त कापले जाईल तितका कापणाऱ्याचा फायदा, हा हिशेब एकदा समितीपुढे मांडा. यात त्या माणसाचा दोष नाही, दर लावण्याच्या पद्धतीचा आहे.

पाच वर्षांचे म्हणणे मात्र उलटे आहे. झाडाचा शेंडा आणि मुख्य फांद्या मधूनच तोडल्या की पाने जातात, म्हणजे अन्न तयार करणारा भागच जातो. मग झाड साठवलेल्या अन्नावर खुंटांच्या कडेने पटापट फुटवे काढते. हे फुटवे सालीलगत, वरवर उगवतात. मूळच्या फांदीसारखे त्यांचे लाकूड खोडाच्या आतपर्यंत गुंतलेले नसते. दोनतीन पावसाळ्यांत ते मनगटाएवढे होतात आणि त्यांच्या खालचा खुंट तोवर कुजायला लागलेला असतो. आपण ज्या भीतीपोटी झाड तोडले तीच भीती अशा वेळी जास्त उंचीवर आणि कमकुवत जोडावर परत येते. अमेरिकेच्या मानकात एका वाढीच्या हंगामात पानांचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग काढू नये असे सांगितले आहे. मोठ्या, थकलेल्या झाडाला तेवढेही जास्त होते.

अॅलेक्स शायगो नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने हजारो झाडे उभी चिरून जे दाखवून दिले त्यावर आजचे आमचे काम उभे आहे. माणसाची जखम भरून येते, तशी झाडाची भरत नाही. कुजलेले लाकूड पुन्हा कधीच चांगले होत नाही. झाड त्याच्याभोवती आतून भिंती उभारून कूज कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवत जाते. म्हणून जखमेला वरून डांबर किंवा रंग फासू नये. या भिंतींपैकी सर्वांत भक्कम भिंत जखम झाल्यानंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडात असते. म्हणून कापायची जागा महत्त्वाची. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे तळाशी सुरकुतलेली, किंचित फुगलेली कड असते. गुलमोहरावर ती अगदी स्पष्ट दिसते. त्या कडेच्या नेमके बाहेर कापले तर ती कड वळकटीसारखी आत येत जखम झाकते. खोडाला लागून सपाट कापले तर कडच निघून जाते, आणि हातभर खुंट ठेवला तर तो वाळून कूज आत नेतो. आपल्याकडे या दोन्ही चुका एकाच झाडावर पाहायला मिळतात.

जड फांदीला तीन काप द्यायचे असतात. पहिला खालून, खोडापासून हातभर अंतरावर, जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा वरून, पहिल्याच्या थोडा बाहेर, ज्याने फांदी सुटते. आणि तिसरा उरलेला खुंट काढण्यासाठी कडेच्या बाहेर. पहिला काप चुकवला तर फांदी सुटताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते.

तुमच्या पर्जन्यवृक्षांना शेंडा तोडण्याची मुळीच गरज नसावी. त्यांच्या आडव्या फांद्या फार लांब जातात, टोकाला वजन साठते आणि मोडतात त्या तिथे. टोकाकडच्या उपफांद्या निवडून काढल्या की भार कमी होतो आणि सावली तशीच राहते. हे काम टोकापर्यंत जाऊनच करावे लागते, बुंध्याजवळ बसून होत नाही. जास्तीचा दर त्याचा आहे.

रबाळे_सेफ्टी

ठाणे–बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात सुरक्षा विभागात काम केले आहे, म्हणून थोडी भर घालतो. आमच्याकडे उंचीवर काम करणाऱ्याला जे पूर्ण अंगाचे हार्नेस देतात ते पडणाऱ्याला अडवण्यासाठी असते; त्यात पाठीमागे दोर अडकवलेला असतो आणि त्यात बसून काम करणे अपेक्षित नसते. अनेक कंत्राटदार तेच हार्नेस झाडावर चढणाऱ्याला देतात आणि कागदावर सुरक्षा पूर्ण झाली असे मानतात. दुसरे म्हणजे पडून हार्नेसमध्ये लोंबकळत राहिलेला माणूस, विशेषतः बेशुद्ध असेल तर, काही मिनिटांत गंभीर अवस्थेत जाऊ शकतो. अग्निशमन दल येईपर्यंत थांबणे ही योजना होऊ शकत नाही. खोडकरांच्या टोळीत याची सोय काय आहे, हे वाचायला आवडेल. तसेच चेन सॉपासून पाय वाचवणाऱ्या खास पँट मिळतात, त्यांबद्दलही लिहावे; इथल्या उकाड्यात त्या खरेच वापरता येतात का?

खोडकर

वर जाऊन माणूस उतरवू शकेल असा दुसरा चढणारा आणि त्याचा स्वतःचा दोर-हार्नेस जमिनीवर तयार असल्याखेरीज पहिला वर जात नाही. हा नियम परदेशी पुस्तकांतला असला तरी पटण्यासारखा आहे. आम्ही शक्य तेथे दोर असा बांधतो की खालूनच त्याचा आधार सोडवून माणूस सावकाश खाली घेता यावा. प्रथमोपचाराच्या पिशवीत रक्तस्राव रोखण्याचा पट्टा आणि जाड दाबपट्ट्या वरच असतात. साखळीची जखम सरळ चिरल्यासारखी नसते, फाडल्यासारखी असते.

त्या पँटच्या आत लांब, सैल तंतूंचे थर असतात. साखळी वरच्या कापडाला लागली की ते तंतू ओढले जाऊन चक्रात अडकतात आणि साखळी थांबते. युरोपीय वर्गवारीत पहिल्या वर्गाची पँट सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर वेगाच्या साखळीसाठी तपासलेली असते. दुसऱ्या वर्गाची 24 आणि तिसऱ्याची 28 मीटरसाठी. जमिनीवर काम करणाऱ्याला पुढून संरक्षण असलेली चालते, चढणाऱ्याला चारी बाजूंनी असलेली घ्यावी, कारण झाडावर पाय कसाही वळलेला असतो. उकाडा म्हणाल तर मे महिन्यात ती पँट घालणे ही शिक्षाच आहे. उपाय एकच, सकाळी सातच्या आत सुरुवात आणि अकरापर्यंत मशीनचे काम संपवणे. नंतर ओढाओढ, तुकडे करणे आणि झाडलोट. हनुवटीचा पट्टा असलेले हेल्मेट, जाळीचा पडदा आणि कानांवरची टोपणे यांना मात्र उकाड्याची सबब नाही. चेन सॉचा आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो. आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांशी बोलताना आवाज चढवावा लागतो, तो उगाच नव्हे.

परतलेला_आरबोरिस्ट

ब्रिटनमध्ये काही वर्षे हेच काम केल्यावर आता घोडबंदर रोडला स्थायिक झालो आहे. तिथे माणूस उचलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांची, म्हणजे दोर, हार्नेस, कॅराबिनर या सगळ्यांची, 1998 च्या नियमांनुसार दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी करून लेखी नोंद ठेवावी लागते. त्याखेरीज चढणारा रोज सकाळी आपला दोर हातातून सरकवत स्वतः तपासतो. आतला गाभा एखाद्या जागी मऊ किंवा गाठाळ लागला तर तो दोर त्याच दिवशी बाद. ही दुसरी सवय लावायला कोणताही कायदा लागत नाही.

मला एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. तिकडे ॲश नावाच्या झाडाला एका बुरशीने ग्रासले आहे आणि लाखो झाडे वाळत आहेत. असे वाळलेले लाकूड कधी मोडेल याचा नेम नसतो, त्यामुळे रोगट ॲशवर शक्यतो कोणी चढत नाही. हायड्रॉलिक लिफ्टच्या टोपलीतून किंवा क्रेनने काम करतात. मुंबई परिसरात पिठ्या ढेकणाने (रस शोषणाऱ्या किडीने) ग्रासलेले पर्जन्यवृक्ष उभ्या उभ्या वाळलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि त्यांच्यावर नुसत्या दोराच्या आधाराने चढलेली माणसेही मी पाहिली आहेत. जिवंत झाडाची फांदी वाकून, करकरून इशारा देते. मेलेल्या झाडाची देत नाही. नेरूळकर, तुमच्या तीनांपैकी एखादा वाळला असेल तर त्यासाठी लिफ्टचे वेगळे दरपत्रक मागवा आणि लिफ्ट उभी राहायला आत जागा आहे का तेही पाहा.

तारमंत्री

मी वीज वितरणातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ आहे. वरच्या चर्चेत तारांचा उल्लेख आला नाही याचे आश्चर्य वाटले. 11 किंवा 22 किलोव्होल्टच्या तारेला हात लावायचीही गरज नसते. पुरेसे जवळ गेले तरी वीज उडी मारते, आणि ओली फांदी किंवा ओला दोर वीज वाहून नेतो. बांबूच्या आकडीने फांदी ओढताना ती तारेवर गेली, अशी प्रकरणे आम्ही दर पावसाळ्याच्या तोंडाला ऐकायचो. अमेरिकी मानकात विजेच्या कामाचे खास प्रशिक्षण नसलेल्या माणसाने तारेपासून किमान दहा फूट लांब राहावे असे आहे आणि दाब वाढेल तसे हे अंतरही वाढते. सोसायटीने वीज कंपनीला अगोदर लेखी कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. पुरवठा बंद झाला असे फोनवर ऐकून कोणालाही वर चढवू नये. लाइनमन समोर येऊन तार तपासून, अर्थिंग करून (तार जमिनीशी जोडून) हो म्हणाला की मगच चढवावे. कोणाच्या तरी जनित्राचा उलटा प्रवाह तारेत येऊ शकतो, म्हणून अर्थिंगचा आग्रह.

अनघा_नौपाडा

वनस्पतिशास्त्र शिकवते, त्या नात्याने दोन मुद्दे. पहिला पक्ष्यांचा. तलावांच्या शहरात बगळे, ढोकरी आणि रातबगळे यांच्या वसाहती मोठ्या झाडांवर असतात आणि त्यांची वीण पावसाळ्यात होते. पावसाळ्यापूर्वीची छाटणी लांबत लांबत जूनच्या अखेरीस पोहोचली की ती नेमकी घरट्यांवर येते. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चा प्रश्न तर आहेच, पण पिल्ले खाली पडल्यावर ती वाचवायला धावाधाव करण्यापेक्षा छाटणी हिवाळ्यात का करत नाहीत, हे मला कळलेले नाही.

दुसरा मुद्दा मुळांचा. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला आणि तौक्ते 17 मे 2021 ला येऊन गेले, तेव्हा उन्मळलेली झाडे अनेकांनी पाहिली असतील. अशा झाडांच्या बुंध्याशी वाकून पाहिले तर बऱ्याच ठिकाणी एका बाजूची मुळे केबल किंवा गटाराच्या चरासाठी सरळ रेषेत तोडलेली दिसतात. ब्रिटिश मानकात बांधकामाजवळच्या झाडाची मुळे राखण्यासाठी खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ धरतात. 40 सेंटिमीटर व्यासाच्या सोनमोहरासाठी ते 4.8 मीटर होते. आपल्या पदपथावर त्याला फरशीतला एक चौकोन मिळतो. मग वरून कितीही शास्त्रशुद्ध छाटले तरी काय उपयोग?

आणि एक शंका. ढोलीत सिमेंट भरण्याची पद्धत अजून चालते का?

खोडकर

ताई, हिवाळ्याबद्दल पूर्ण सहमत आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चढणाऱ्यालाही सोयीचा काळ, आणि ज्या सोसायट्या तेव्हा बोलावतात त्यांना आमच्याकडे तारीखही लगेच मिळते. पण धोक्याची आठवण सगळ्यांना पहिला वळीव पडल्यावर होते. मुळांच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. तोडलेल्या मुळांच्या बाजूचा भार थोडा कमी करता येतो, एवढेच.

सिमेंट आता कोणीही जाणता माणूस भरत नाही. झाड वाऱ्यात लवते आणि सिमेंट लवत नाही, त्यामुळे कडेने फट पडते, पाणी आत साठते आणि सिमेंट बसवण्यापूर्वी ढोली खरवडताना झाडाने उभारलेली भिंतही फुटलेली असते. ढोली म्हणजे झाड पडणारच असेही नाही. जर्मनीच्या क्लाउस मॅथेक यांच्या अभ्यासातून आलेला ठोकताळा असा की खोडाभोवती शाबूत लाकडाची जाडी त्रिज्येच्या साधारण तीस टक्के असेल तर पोकळ खोडही तग धरते; 60 सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला 9 सेंटिमीटर. हा ठोकताळा आहे, हमी नव्हे. ढोली एका बाजूला उघडी असेल तर तो तसाच लागू होत नाही. शंका असेल तेथे बारीक सुईचे यंत्र किंवा ध्वनिलहरींची तपासणी करून घ्यावी. पोपट आणि पिंगळे यांना राहायला तरी ढोली राहू द्यावी, असे माझे वैयक्तिक मत.

बेलापूरचा_आगरी

आमच्या गावात अजून घरोघर माड आहेत. नारळ काढायला येणारा मुलगा हल्ली बुटांना लोखंडी खिळे बांधून सपासप चढतो. आजोबांच्या वेळी खोडाला खाचा पाडत, मग हे खिळे वाईट कसे? आणि वर गेलाच आहे तर झावळ्या साफ करून देतो म्हणतो, तर सगळ्या काढाव्यात का?

खोडकर

दादा, खाचाही वाईटच होत्या. आंबा, वड यांच्या सालीखाली वाढणारा थर असतो, त्यामुळे जखम हळूहळू झाकली जाते. माडाला तो थर नसतो. खिळ्याचे भोक असो वा खाच, ती माडाच्या आयुष्यभर तशीच राहते. त्यातून रस गळतो आणि सोंड्या भुंग्याला आयते आमंत्रण मिळते. खिळे फक्त तोडायच्याच झाडावर वापरावेत, हा नियम माडालाच नव्हे तर सगळ्या झाडांना लागू आहे. माडावर चढायला पायांनी चालवायचे दोन भागांचे शिडीयंत्र मिळते, ते खोडाला फक्त आवळते. झावळ्यांपैकी वाळलेल्या आणि खाली लोंबलेल्या तेवढ्याच काढाव्यात. हिरव्या काढल्या की नारळ कमी होतात, आणि शेंड्याच्या एकमेव कोंबाला धक्का लागला तर माड गेला.

हापूसप्रेमी

आमच्याकडे आंब्याच्या कापलेल्या फांदीला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावतात आणि कृषी खात्याची माणसेही तेच सांगतात. इथे मात्र जखमेला काहीच लावू नये असा सूर दिसतो. नेमके काय करावे?

खोडकर

बागेतल्या आंब्यावर बुरशीच्या ठरावीक रोगांसाठी बोर्डो पेस्ट लावतात, त्याला माझा विरोध नाही. तिथे झाड उत्पन्नासाठी आहे आणि सल्लाही त्या रोगापुरता आहे. माझा विरोध रस्त्यावरच्या झाडांना डांबर आणि ऑइलपेंट फासण्याला आहे. त्याने कूज थांबत नाही, उलट थराखाली ओल कोंडून राहते, आणि चुकीच्या जागी केलेला काप झाकला जातो. रंग लावलेला खुंट ठेकेदाराच्या बिलात चांगला दिसतो एवढेच.

नेरूळकर

सर्वांचे आभार. हे सगळे मी समितीपुढे ठेवणार आहे. कामाच्या आदेशात नेमके काय लिहावे आणि परवानगीचे काय करावे, हे कोणी सांगितले तर बरे होईल. शिवाय एक माणूस फांद्यांचा चुरा करणारे यंत्र आणतो म्हणाला आहे. तो चुरा आवारातच ठेवावा का?

परतलेला_आरबोरिस्ट

परवानगीशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका. 1975 च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्रातील झाडांच्या कायद्याखाली सोसायटीच्या आवारातले झाडही येते आणि झाडाला इजा करणे हेही तोडण्यातच धरले जाते. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांचे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष मानले जाते, आणि झाड तोडण्याची परवानगी मिळाली तर त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट येते. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करताना प्रत्येक झाडाचे दोन बाजूंचे फोटो जोडा आणि कोणती फांदी काढायची ती फोटोवर खुणेने दाखवा. अधिकारी पाहणीला येतात तेव्हा वेळ वाचतो आणि नंतर कापणाऱ्याने हद्द ओलांडली तर तुमच्या हातात पुरावा राहतो.

खोडकर

आदेशात टेम्पोची संख्या लिहू नका. झाडावर क्रमांक घाला आणि प्रत्येक क्रमांकापुढे कोणती फांदी, कोठपर्यंत, हे लिहा. शेंडा तोडू नये, खिळ्यांचे बूट वापरू नयेत आणि जखमेला रंग लावू नये ही तीन वाक्ये वेगळी टाका. कामगारांचा विमा आणि खाली उभ्या राहणाऱ्या माणसांची संख्या विचारा. वर एक आणि खाली एक एवढ्यावर काम करतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. कामाच्या दिवशी गाड्या आदल्या रात्रीच हलवायला लावा, कारण सकाळी सातला गाडीचा मालक शोधत फिरण्यात आमचा सर्वांत चांगला वेळ जातो.

चुरा अवश्य ठेवून घ्या. झाडांच्या आळ्यात तीनचार इंच जाडीने पसरवला की उन्हाळ्यात ओल टिकते आणि गवत कमी उगवते. फक्त तो बुंध्याला टेकवू नका, चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी ठेवा. पिठ्या ढेकणाने मेलेल्या पर्जन्यवृक्षाच्या बारीक फांद्या मात्र त्यात मिसळू देऊ नका. त्या वेगळ्या काढून त्याच दिवशी आवाराबाहेर पाठवा.